ओम्नीच्या कॅमचं नाक घासलंय : नुसता कॅम बदलू की रॉकरसकट?

रोपवाटिका_हिंगणा

नमस्कार मंडळी,

हिंगणा रोडला माझी रोपवाटिका आहे. रोपं, कुंड्या आणि खताच्या गोण्या पोचवायला एलपीजीवरची जुनी ओम्नी आहे, सेकंडहँड घेतलेली. बरेच दिवस झाले, गाडी सुरू केली की सीटखालून टिक-टिक आवाज येतो. सिग्नलला उभी असली की थरथरते. फ्लायओव्हर चढताना दम लागतो. एलपीजीवर असताना मधूनच एअर फिल्टरच्या बाजूने फाटकन आवाज होतो. एकदा तर फिल्टरच्या डब्याचं झाकणच उडालं.

पहिल्या गॅरेजने प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, मग टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरची बारीक फट) सेट केले. आवाज थोडा कमी झाला, थरथर तशीच. दुसऱ्या मिस्त्रींनी सीट उचलली, टॅपेट कव्हर काढलं आणि मला बोलावून दाखवलं. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा, नाक म्हणजे त्याच्यावरचा उंचवटा, आणि रॉकर म्हणजे त्या उंचवट्याने हलून व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा. दोन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टचं, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं, कॅमचं नाक चपटं झालंय. शेजारच्या नाकावर बोट फिरवलं की फरक हाताला कळतो. त्याच्यावरच्या रॉकरच्या तळव्यालाही खड्डा पडलाय.

आता तीन सल्ले मिळालेत. एक म्हणतो, कॅम आणि तो एक रॉकर बदला, बाकीचे पाच चांगले आहेत. दुसरा म्हणतो, नाकावर वेल्डिंग भरून घासून देतो. तिसरा म्हणतो, भंगारातून अख्खं हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात कॅम आणि व्हॉल्व्ह असतात) आणून बसवू. काय स्वस्त पडेल एवढंच मला विचारायचं नाही. हे झालं कशाने, ते कळलं पाहिजे. पावसाळा तोंडावर आहे, रोपांचा खरा धंदा आता आहे, आणि नवा कॅमही वर्षभरात असाच गेला तर मला परवडणार नाही.

---

वाडीचा_मिस्त्री

ताई, तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीले मानलं. कव्हर उघडून मालकाले बोलावून दाखवणारा माणूस सोडू नका.

पहिल्या गॅरेजवाल्याच्या हाती हे काऊन लागलं नाही ते सांगतो. टॅपेटची फट आपण कधी मोजतो? कॅमची पाठ रॉकरखाली असते तेव्हा. नाक घासलं तरी पाठ तशीच राहते. म्हणून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) म्हणते सगळं बरोबर, अन् व्हॉल्व्ह मात्र अर्धाच उघडून राहिला.  फट बरोबर असूनही गाडी थरथरत असेल तर नाकाची उंची मोजा. व्हर्नियर चालेल, मायक्रोमीटर असला तर उत्तम. तिन्ही एक्झॉस्टची नाकं एकमेकांशी ताडून पाहा अन् तिन्ही इनटेकची (गॅस-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) आपसात. इनटेक-एक्झॉस्ट एकमेकांशी ताडू नका.

आता ते फाटकन काय आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरा उघडला नाही की जळलेला वायू सिलिंडरमध्येच अडकते. मग इनटेक उघडला की तोच तापलेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरले हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) घुसते. पेट्रोलवर एवढं जाणवत नाही. जुन्या मिक्सरवाल्या एलपीजी किटमध्ये अख्खा मॅनिफोल्ड गॅस-हवेच्या मिश्रणानं भरलेला असते, त्याले ठिणगीच मिळाली समजा. झाकण उडालं ते त्याच्यानं. किटवाल्याकडं जाऊन मिक्सर बदलायच्या भानगडीत पडू नका.

नव्या कॅमवर जुना रॉकर चढवायचा नाही, एकही नाही. हा पहिला नियम. रॉकरचा तळवा जुन्या नाकावर घासून त्याच्या आकाराचा झालेला असते. नवं नाक त्याच्याखाली गेलं की पुरी रुंदी टेकत नाही, एका कडेवर सगळा भार येते, अन् नवा कॅम पहिल्या काही तासांतच खराब व्हायले लागते. कॅम, सहाही रॉकर, अन् रॉकर शाफ्ट (रॉकर ज्याच्यावर हलतात तो दांडा) घासला असेल तर तोही. हे एकच काम समजा.

पण पैसे टाकायच्या आधी दोन गोष्टी करून इथं लिहा. ऑइल प्रेशरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. स्विच काढून तिथं गेज लावा, गरम इंजिनवर प्रेशर पाहा. अन् सहाही टॅपेटच्या फटी, आता आहेत तशा, स्क्रूले हात न लावता, थंड इंजिनवर मोजून लिहून ठेवा. हेड आतून काय म्हणते ते त्या सहा आकड्यांत दिसते.

---

कोथरूडचा_सारथी

वेल्डिंगचा पर्याय एकदम मोडीत काढू नये असं मला वाटतं. आमच्या ओळखीत एका जुन्या ट्रॅक्टरच्या कॅमवर हार्डफेसिंग (वेल्डिंगने कडक धातूचा थर) करून घेतलं होतं, चाललं. ओम्नीसारख्या गाडीवर किती खर्च करायचा यालाही मर्यादा हवी ना?

---

टूलरूम_एमआयडीसी

सारथी, खर्चाचा मुद्दा मान्य. पण खर्च कमी कशाने होतो हे धातू बघूनच ठरवावं लागेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझं रोजचं काम ग्राइंडिंग आणि हार्डनिंगचंच आहे.

अशा इंजिनांमधे जिथे रॉकर कॅमवर घसरत चालतो, तिथे कॅम बहुधा चिल्ड कास्ट आयर्नचा असतो. ओतताना साच्यात नाकाच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेलं लोखंड तिथे पटकन थंड होतं, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, आणि कार्बाइडचा पांढरा, अतिशय कडक थर तयार होतो. कडकपणा साधारण ५० रॉकवेल सी किंवा त्याहून जास्त. आतला गाभा मात्र साध्या करड्या ओतीव लोखंडाचा राहतो. तो कडक थर संपेपर्यंत झीज अगदी सावकाश होते. थर संपला की पुढची झीज झपाट्याने होते. त्यामुळेच ताईंना आवाज आधी बरेच दिवस किरकोळ वाटला असणार आणि मग अचानक वाढला असणार.

आता यावर वेल्डिंग केलं तर काय होतं? ओतीव लोखंडाला स्थानिक उष्णता दिली की वेल्डच्या कडेला बारीक तडे जातात. शेजारच्या नाकांचा कडकपणा उतरतो. आणि लांब सडपातळ शाफ्ट वाकतो. कॅमचा शाफ्ट मिलिमीटरच्या काही शतांश भागांपेक्षा जास्त वाकडा चालत नाही. सरळ करायला गेलात तर तो मोडेल, ओतीव लोखंड वाकत नाही. ट्रॅक्टरचा कॅम अनेकदा फोर्ज्ड स्टीलचा असतो, फिरतोही हळू, त्यामुळे तिथलं उदाहरण इथे लागू पडत नाही.

दुसरा मार्ग असतो रीग्राइंडिंगचा, म्हणजे वेल्ड न करता सगळी नाकं आणि पाठ मिळून थोडी थोडी उतरवायची, की नाक आणि पाठ यांतला फरक पुन्हा मूळ आकड्यावर येईल. हा प्रामाणिक मार्ग आहे. पाठ लहान झाल्यामुळे रॉकर खाली येतो, ती कसर टॅपेटच्या स्क्रूने भरून काढायची. पण कडक थरच गेला असेल तर मऊ लोखंडावर ग्राइंडिंग करून काही उपयोग नाही, आणि ताईंनी केलेलं नाकाचं वर्णन वाचून थर गेलेला वाटतो. जुन्या, दुर्मीळ गाडीचा कॅम मिळतच नसेल तर मी रीग्राइंडिंग सुचवलं असतं. ओम्नी आणि ८०० चं ७९६ सीसी इंजिन म्हणजे देशात सगळ्यात जास्त सुटे भाग मिळणाऱ्या इंजिनांपैकी एक. इथे नवा कॅमच घ्यावा.

घेताना बनावट मालापासून जपा. दुकानात जुना कॅम सोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून नाकांचे कोन आणि शेवटच्या टोकाची रचना ताडा. जर्नलचे (कॅम ज्यांवर टेकून फिरतो त्या गोल भागांचे) व्यास मोजा. नाकाच्या अगदी कडेला, जिथे रॉकर टेकत नाही तिथे, बारीक कानस हलकेच फिरवा. चिल्ड नाकावरून कानस सरकून जाते, चावत नाही. चावली तर तो कॅम परत करा.

---

बर्डीचे_काका

टूलरूम यांनी फार छान लिहिलं. मी अँबेसेडरच्या काळातला माणूस, त्या इंजिनाबद्दल थोडं लिहितो, कारण घसरणाऱ्या कॅमची शिस्त तिथेच शिकायला मिळते.

अँबेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश बीएमसीचं बी-सीरीज. कॅम वर हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकच्या कुशीत. त्याच्यावर टॅपेट (इथे फट नव्हे, कॅमवर टेकणारा छोटा गोल भाग), टॅपेटवर पुशरॉड म्हणजे लांब काडी, मग वर रॉकर. कॅम बदलायचा म्हणजे रेडिएटर काढा, समोरचं टायमिंग कव्हर काढा, चेन उतरवा, ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडून टॅपेट एकेक करून बाहेर घ्या, आणि मग कॅम समोरून हळूहळू ओढा. त्यापुढे ओम्नीचं काम सोपं आहे. सीट उचलली की इंजिन समोर, आणि कॅम हेडच्या एका बाजूने सरकवत बाहेर येतो.

त्या टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसतो पण असतो किंचित फुगीर, आणि नाक एका बाजूला किंचित उतरतं. त्यामुळे प्रत्येक उघडझापीत टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. फिरायचा थांबलेला टॅपेट कॅम खातो. आम्ही जुना टॅपेट काढला की आधी त्याचा तळ बघायचो : गोल गोल रेषा असतील तर फिरत होता, एकाच दिशेची सरळ खाच असेल तर अडकला होता. रॉकर काही फिरत नाही, त्यामुळे तिथे सगळी मदार तेलावर आणि तळव्याच्या अचूक बसण्यावर.

ताई, नवा कॅम बसवल्यावरची पहिली वीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असतात. नाकांना आणि तळव्यांना मॉलिब्डेनमचं असेंब्ली ग्रीस लावून बसवायचं. जर्नलला स्वच्छ इंजिन ऑइल पुरे. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद गतीवर सोडायचं नाही. २००० आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत, पंधरा-वीस मिनिटं चालवायचं. मंद गतीवर नाकाच्या टोकाला स्प्रिंगचा पुरा दाब बसतो. वेग वाढला की व्हॉल्व्हच्या स्वतःच्या जडत्वामुळे टोकावरचा दाब कमी होतो आणि तेलही जास्त उडतं. म्हणजे नव्या कॅमला सांभाळायचं म्हणून हळू चालवणारा माणूस त्याचं नुकसान करतो. आणि सेल्फ मारत राहायची वेळ येऊ नये म्हणून टायमिंग, इग्निशन, इंधन, पाणी, सगळं आधी तपासून ठेवायचं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू व्हायला हवं.

---

रोपवाटिका_हिंगणा

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीभाऊ, तुम्ही सांगितलं तसं मोजून घेतलं. मी स्वतः वही-पेन घेऊन शेजारी बसले होते.

गरम इंजिनवर मंद गतीला प्रेशर कमी येतं, रेस दिली की वाढतं पण जेवढं पाहिजे तेवढं नाही, असं आमचे मिस्त्री म्हणाले. नाकांची उंची : दोन नंबर एक्झॉस्टचं नाक बाकीच्या दोन एक्झॉस्टपेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त बसलंय. इनटेकची तिन्ही जवळजवळ सारखी.

पण फटींचं मला कळलं नाही. इनटेकच्या तिन्ही फटी ठीक. एक नंबर एक्झॉस्टची फट पाहिजे त्यापेक्षा कमी. आणि तीन नंबर एक्झॉस्टला तर सगळ्यात पातळ, ०.०५ मिलिमीटरची पातही शिरत नाही. झिजल्यावर फट वाढायला पाहिजे ना? ही कमी कशी झाली?

---

वाडीचा_मिस्त्री

ताई, बरं झालं मोजलं. तुमच्या इंजिनात दोन वेगवेगळे आजार आहेत, अन् दुसरा आवाजच करत नाही.

रॉकरचा तळवा घासला की फट वाढते अन् टिक-टिक ऐकू येते. पण व्हॉल्व्ह जिथं टेकते ती सीट घासली तर व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत जाते. म्हणजे त्याचा देठ वर येते, अन् रॉकरसोबतची फट कमी होत होत शून्य होते. याले सीट बसणं म्हणतात. गॅसवरच्या गाड्यांमध्ये हे जास्त दिसते. एलपीजी-सीएनजी कोरडं इंधन. पेट्रोलचा जो थोडा ओलावा अन् काजळीचा पातळ थर व्हॉल्व्ह-सीटच्या मधात बसते, तो इथं नाही. पूर्वीच्या शिसेवाल्या पेट्रोलमध्ये शिशाचा थर सीट सांभाळत होता. देशभरात शिसं बंद झालं २००० साली. आपल्याकडं नागपुरात सीएनजीचा भाव २०२२ मध्ये किलोले १२० रुपयांवर गेला होता, तेव्हा एलपीजीवाल्यांनी एलपीजी सोडला नाही. त्या गाड्या आता हेडच्या कामाले येऊन राहिल्या.

फट शून्य झाली की व्हॉल्व्ह पुरा मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७००-८०० अंशांपर्यंत तापते अन् ती बहुतेक उष्णता मिटलेला असताना सीटमधून हेडमध्ये उतरवते. मिटलाच नाही तर उष्णता जाणार कुठं? व्हॉल्व्हची कड जळते. एकदा कड जळून खाच पडली की कॉम्प्रेशन गेलं. टॅपेट थोडा वाजते म्हणून गिऱ्हाईक येते अन् म्हणते, भाऊ आवाज बंद करा. मग काही लोक फट कमी करून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते अन् व्हॉल्व्ह जळते. मी हे कधी करत नाही, कोणाले करू देत नाही. फट मॅन्युअलमध्ये लिहिली तेवढीच ठेवायची. गॅसवरच्या गाडीची फट तर ठरावीक अंतरावर मोजायचीच, आवाज असो का नसो.

आता तुमच्यासाठी निकाल असा. हेड उतरवा. नुसता वरून कॅम बदलून भागणार नाही. एक्झॉस्टचे तिन्ही व्हॉल्व्ह पाहा, तीन नंबरचा बहुतेक नवा लागल. सीट कटिंग करून घ्या. सीट फारच आत गेली असली तर गॅसले चालणारी कडक सीट रिंग बसवून घ्या. गाइड (व्हॉल्व्हचा देठ ज्यात सरकते ती नळी) सैल असला तर सीट कापून काही फायदा नाही, व्हॉल्व्ह डुलत राहते. म्हणून पहिले गाइड, मग सीट. व्हॉल्व्हचे ऑइल सील नवे. हेडचा तळ सरळपट्टी ठेवून तपासा, गरज असल तरच फेसिंग (तळ घासून सपाट करणं). हेडच्या पोर्टात (वायूच्या वाटेत) पेट्रोल ओतून थोडा वेळ ठेवा. सीटमधून थेंब झिरपला नाही तरच ताब्यात घ्या.

अन् कॅमची घरं. ह्या हेडमध्ये कॅम सरळ ॲल्युमिनिअममध्ये फिरते, वेगळी बेअरिंग नाही. नवा कॅम आत सरकवून हलवून पाहा. घरात ओरखडे अन् खेळ असला तर हेड बदलणंच बरं. तेल तिथूनच सांडल अन् प्रेशर वर पोचणार नाही.

भंगारातल्या हेडबद्दल : तेही कोण्या गाडीतून कशासाठी तरी उतरलेलंच आहे ना जी. आणलं तरी हेच सगळं त्याच्यावर करावं लागल.

---

मानेवाडा_१६व्हॉल्व्ह

धागा अगदी वेळेवर आला. माझ्याकडे ट्विन कॅमची पेट्रोल सेडान आहे, हायड्रॉलिक टॅपेटची, सकाळी पहिल्यांदा सुरू केली की थोडा वेळ खडखड येते आणि मग बंद होते. तिथेही कॅम आणि सगळे रॉकर एकत्र बदलायचे का?

---

टूलरूम_एमआयडीसी

मानेवाडा, तुमच्या वर्णनावरून कॅमला हात लावायचीच गरज दिसत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर हायड्रॉलिक टॅपेटमधलं (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणाऱ्या भागातलं) तेल थोडं उतरतं, सुरू केल्यावर ते भरेपर्यंत आवाज येतो. तेल आणि फिल्टर वेळेवर बदला, फिल्टरमधला तेल परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह चांगला असलेला घ्या. आवाज गरम इंजिनवरही टिकत असेल तरच पुढे जा.

जिथे रॉकरला रोलर असतो तिथे नियमही सौम्य होतो. रोलर घरंगळतो, घासत नाही, त्यामुळे रोलर गुळगुळीत असेल, बेअरिंगमधे खेळ नसेल, तर जुने रॉकर नव्या कॅमवर चालू शकतात. फक्त ज्या जागेवरून काढले त्याच जागेवर परत बसवायचे. काढतानाच खोक्यात क्रमाने खुणा करून ठेवा.

पण ट्विन कॅमच्या हेडला कोणी हात लावणार असेल तर कॅमच्या कॅप्स (कॅमला वरून धरून ठेवणारे तुकडे) नीट सांभाळा. हे मी कळकळीने लिहितोय, कारण चांगली हेड यातच वाया गेलेली बघितली आहेत. कॅप हेडला लावून, दोन्ही एकत्र धरून भोक पाडलेलं असतं. म्हणून तिसऱ्या नंबरची कॅप चौथ्यावर चालत नाही, उलटी फिरवूनही चालत नाही, आणि दुसऱ्या हेडची तर अजिबात नाही. कॅपवर नंबर आणि बाण असतो. ढिल्या करताना एकेक बोल्ट पूर्ण काढायचा नाही. मॅन्युअलमधल्या क्रमाने, सगळे थोडे थोडे. काही नाकं स्प्रिंग दाबून बसलेली असतात, त्यामुळे कॅमचं एक टोक वर उचललं जातं आणि दुसरं कॅपखाली अडकलेलं राहतं. ओतीव लोखंडाचा कॅम अशा वेळी चक्क मोडतो, किंवा कॅपचा आटा उपटला जातो. बसवतानाही तसंच, थोडं थोडं, आणि शेवटी टॉर्क पान्याने. त्या लहान बोल्टना लागणारा टॉर्क हाताच्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो.

हायड्रॉलिक टॅपेट नवे बसवले किंवा कॅम काढून पुन्हा बसवला तर लगेच सेल्फ मारू नका. टॅपेट पूर्ण फुगलेला असतो, त्यातलं जास्तीचं तेल स्प्रिंगच्या दाबाने उतरायला अर्धा तास द्या. नाहीतर व्हॉल्व्ह प्रमाणापेक्षा जास्त उघडे राहतात आणि पिस्टनला लागू शकतात. त्यानंतर आधी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका.

---

समृद्धी_प्रवासी

तेलाबद्दल कोणी लिहील का? मी समृद्धीने नियमित शिर्डीकडे जातो, तासन् तास १२० च्या मर्यादेजवळ गाडी चालते, आणि नागपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. सेल्समन पातळ तेल देतात, मिस्त्री जाड तेल म्हणतात. शिवाय झिंकबद्दल वाचलं होतं, ते काय आहे?

---

बर्डीचे_काका

झिंकवालं रसायन म्हणजे झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, सगळे झेडडीडीपी म्हणतात. कॅम आणि रॉकरच्या मध्ये तेलाचा थर जिथे पुरा पडत नाही, तिथे हे रसायन उष्णता आणि दाबाने धातूवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार करतं. तो झिजतो, पुन्हा तयार होतो. घसरणाऱ्या कॅमचा तो शेवटचा आधार.

त्यातलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतं, म्हणून २००४ मध्ये आलेल्या इंजिन ऑइलच्या एपीआय एसएम दर्जापासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. पण ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती तशी लागू नाही. रोलरच्या नव्या इंजिनांना एवढं झिंक लागतही नाही. त्यामुळे नव्या गाडीत बाहेरून झिंकची बाटली ओतू नका.

जाड की पातळ याचं उत्तर गाडीचं मॅन्युअल. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, पण चालू इंजिनमधलं तेल त्याच्या दुपटीहून जास्त तापलेलं असतं. हायवेवर लांब पळवताना ग्रेडपेक्षा पातळी जास्त महत्त्वाची. निघताना काडी बघा. आणि उन्हाळ्यात शहरातल्या रांगेत, एसी लावून, मंद गतीवर उभं राहणं कॅमला हायवेपेक्षा जड जातं. ते किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून अशा गाडीचं तेल किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता महिन्यांच्या हिशोबाने बदला.

---

रोपवाटिका_हिंगणा

काम झालं. कारण सापडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवलं तर ऑइल पंपाच्या जाळीला लाल सिलिकॉनच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी गाडी घ्यायच्या आधी कोणीतरी गॅस्केटऐवजी नुसतं सिलिकॉन थापून चेंबर बसवलं होतं. बाहेर आलेलं आमच्या मिस्त्रींनी दाखवलं : बाहेर जेवढं फुगून आलेलं दिसतं तेवढंच आतही फुगतं, आणि ते तुटून तेलात जातं. रॉकर शाफ्ट आतून पोकळ असतो आणि त्याच्या भोकांतून रॉकरला तेल मिळतं. नेमकं दोन नंबर एक्झॉस्टजवळचं भोक काळ्या गाळाने बुजलेलं निघालं. एक्झॉस्टचं नाक सिलिंडरमधल्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह उघडतं, त्याच्यावर भार मुळातच जास्त. तेल कमी, भार जास्त, म्हणून तेच आधी गेलं.

कॅमची घरं सुदैवाने चांगली होती, त्यामुळे हेड वाचलं. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळायला लागला होता, तो बदलला. एक्झॉस्टला तिन्ही नव्या कडक सीट, सगळे ऑइल सील, कॅम, सहा रॉकर, शाफ्ट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवा. ऑइल पंप उघडून मोजला, जाळी नवी टाकली, शाफ्टची आणि ब्लॉकची तेलाची भोकं तारेने आणि हवेने साफ केली. कॅमचा चुरा तेलात फिरला असणार म्हणून फिल्टर आणि तेल अर्थातच नवं. कानशीची परीक्षा मी स्वतः दुकानात केली. पहिला कॅम दुकानदाराला परत दिला, दुसरा घेतला.

काकांनी सांगितलं तसं सुरू केल्या केल्या २००० च्या वर ठेवून चालवली. थरथर गेली. फाटकन आवाज गेला. गोण्या भरून फ्लायओव्हर तिसऱ्या गिअरला चढते. टॅपेटचा अगदी हलका आवाज येतो, पण आता मला त्याची काळजी वाटत नाही.

एकच प्रश्न राहिला : पुढे फटी कधी बघायच्या आणि घरी बघता येतील का?

---

वाडीचा_मिस्त्री

ताई, वाचून लय बरं वाटलं. तुमच्या मिस्त्रीले माझा रामराम सांगा.

हजार किलोमीटरच्या आत पहिलं तेल-फिल्टर काढा. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडून पाहा, चुंबक फिरवा. चकाकणारा चुरा नसला की झालं. त्याच वेळी सहाही फटी मोजा. नव्या सीट पहिल्या पहिल्यांदा थोड्या बसतात, त्यामुळं एक्झॉस्टची फट किंचित कमी झालेली सापडल, ती मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. मग दर तेल बदलाच्या वेळी एक्झॉस्टच्या तीन फटी मोजायच्या अन् वहीत तारीख टाकून लिहायच्या. दर वेळी कमी होत असल तर सीट पुन्हा बसून राहिली समजा.

घरी करता येते. रात्रभर थंड झालेलं इंजिन पाहिजे. सीट उचला, कव्हर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाले आणा, दोन्ही रॉकर ढिले लागले पाहिजे. त्याच्या दोन्ही फटी मोजा. मग क्रँक २४० अंश फिरवा, तीन नंबर. आणखी २४०, दोन नंबर. फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. पात ओढताना हलकी अडली पाहिजे, ढिली सरकायले नको, जोर लावायले नको. लॉक नट कसल्यावर परत एकदा मोजा, नट कसताना स्क्रू थोडा फिरतोच. अन् कव्हरचं गॅस्केट बसवताना सिलिकॉन लावू नका.